श्रीमंती आयुष्यात उतरते कशी?

नागपूरहून छिंदवाड्याकडे निघाले की सावनेर आणि केळवद मागे पडतात, महाराष्ट्राची हद्द संपते आणि सातनूर लागते. पुढे बोरगाव, मग सौसर. हद्दीच्या अलीकडे आणि पलीकडे जमीन तशीच काळी, पिके तीच कापसाची आणि संत्र्याची, घरातली बोलीही तीच वऱ्हाडी-नागपुरी वळणाची मराठी. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत या सगळ्या मुलखाची राजधानी नागपूर होती. दुसऱ्या दिवसापासून सौसर-पांढुर्ण्याचे सरकार भोपाळला गेले आणि सावनेर, काटोल, नरखेडचे मुंबईला. माणसे, हवा आणि अन्न सारखे ठेवून फक्त सरकार आणि त्याची तिजोरी बदलली तर आयुष्यात काय फरक पडतो, हे तपासण्याची अशी संधी संशोधकाला ठरवूनही मिळत नाही.

फरक पडला, आणि तो मोठा आहे. नमुना नोंदणी पद्धतीच्या आकड्यांप्रमाणे १९७१ मध्ये महाराष्ट्रात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी सुमारे १०५ वर्षाच्या आत दगावत होती, मध्य प्रदेशात १३५. २०२० मध्ये हेच आकडे १६ आणि ४३ झाले. दोन्हीकडे मृत्यू पुष्कळ घटले. पण पूर्वी मध्य प्रदेशातल्या बाळाचा धोका महाराष्ट्रातल्या बाळाच्या सव्वापट होता, तो आता अडीचपटीहून जास्त आहे. बाळंतपणातल्या मृत्यूंचे चित्र तर याहून विषम आहे. २०१८ ते २०२० या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात ३३ माता दगावल्या, मध्य प्रदेशात १७३. आता दोन्ही राज्यांचे दरडोई उत्पन्न पाहावे: २०२२-२३ मध्ये चालू किमतींनुसार महाराष्ट्राचे सुमारे २ लाख ४२ हजार रुपये, मध्य प्रदेशाचे सुमारे १ लाख ४० हजार. उत्तर समोरच असल्यासारखे वाटते. जिकडे पैसा जास्त तिकडे मरण कमी. तेव्हा आधी श्रीमंत व्हा, आरोग्य मागून येईल.

हे उत्तर अर्धेच खरे आहे, आणि त्याच्या अर्धेपणामुळे धोरणे चुकतात, म्हणून ते नीट उलगडून पाहिले पाहिजे. पण त्याआधी एक खुलासा. हे आकडे राज्यांचे आहेत, बोरगावचे किंवा केळवदचे नाहीत. सौसर-पांढुर्णा हा मध्य प्रदेशातला सर्वांत मागे पडलेला भाग नव्हे; जुन्या छिंदवाडा जिल्ह्यातल्याच तामिया-हर्रईच्या डोंगराळ पट्ट्याशी त्याची तुलना होणार नाही. उलट महाराष्ट्राच्या सरासरीत मुंबई-पुण्याबरोबर मेळघाट आणि गडचिरोलीही धरलेले आहेत. तरीही राज्याचे आकडे कामाचे ठरतात, कारण दवाखान्यात किती डॉक्टरांची पदे मंजूर करायची, रुग्णवाहिका कुठे उभी करायची, औषधे कुणाकडून घ्यायची हे गावात ठरत नाही. ते राजधानीत ठरते, आणि त्याचे परिणाम सातनूरच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरे होतात.

आता त्याच दोन राज्यांचे दुसरे आकडे पाहू. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या मुलांची उंची मोजली गेली. वयाच्या मानाने खुजी राहिलेली मुले मध्य प्रदेशात ३५.७ टक्के निघाली आणि महाराष्ट्रात ३५.२ टक्के. फरक नगण्य. वजन कमी असलेली मुले मध्य प्रदेशात ३३ टक्के होती आणि महाराष्ट्रात ३६.१ टक्के, म्हणजे श्रीमंत राज्यात जास्त. १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये रक्तक्षय मध्य प्रदेशात ५४.७ टक्के, महाराष्ट्रात ५४.२ टक्के. दरडोई पावणेदोनपट पैसा असूनही मुलाची उंची, त्याचे वजन आणि आईचे रक्त या तिन्ही बाबतींत महाराष्ट्राला तो पैसा उपयोगी पडलेला नाही. एकाच पैशाने एका ठिकाणी जीव वाचवले आणि दुसऱ्या ठिकाणी काहीच केले नाही, असे कसे होते? माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर पैशाच्या रकमेत सापडणार नाही. पैसा कोणत्या व्यवस्थेतून जातो, कुणाच्या हातात पडतो आणि शेवटी कुणाच्या शरीरापर्यंत पोहोचतो, यात ते आहे.

आधी मातामृत्यूचे पाहू, कारण तिथे फरक पाचपट आहे. बायका दवाखान्यात जात नाहीत, घरीच बाळंत होतात, हे त्याचे नेहमीचे स्पष्टीकरण. ते आता टिकत नाही. २००५ मध्ये दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी रोख मदत देणारी जननी सुरक्षा योजना आल्यापासून चित्र पालटले. त्याच पाचव्या पाहणीत मध्य प्रदेशातली ९०.७ टक्के आणि महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झालेली आहेत. म्हणजे दोन्हीकडची बाई दवाखान्याच्या दारापर्यंत जवळपास सारख्याच प्रमाणात पोहोचते. पुढे काय होते ते दाराच्या आत ठरते.

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे आपल्याकडे मातामृत्यूचे सर्वांत मोठे कारण. बाळ आणि वार बाहेर आल्यावर गर्भाशयाने घट्ट आवळून उघड्या रक्तवाहिन्या बंद करायच्या असतात. तो आवळला नाही तर अर्धा लिटर रक्त बघता बघता जाते, आणि धडधाकट बाईसुद्धा दोन-तीन तासांत हातची जाऊ शकते. जिला आधीच रक्तक्षय आहे तिला तेवढाही वेळ मिळत नाही. यावर ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन आहे, आणि ते महाग नाही. पण ते थंड ठेवावे लागते, दोन ते आठ अंश तापमानात. उन्हाळ्यात या भागात पारा चाळिशीच्या वर जातो; वीज गेली, फ्रिज बंद राहिला, की बाटलीवर नाव तेच राहते आणि आतले औषध निकामी होते. इंजेक्शनने रक्त थांबले नाही तर रक्त चढवावे लागते. त्यासाठी रक्तसाठा हवा, गट जुळवणारा तंत्रज्ञ हवा. तरीही थांबले नाही तर शस्त्रक्रिया, म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ दोघे एकाच वेळी हजर हवेत. यातले एक जरी नसले तर कागदावर ‘रेफर’ असा शब्द लिहिला जातो आणि गाडी नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांकडे निघते. बोरगावपासून नागपूर साठेक किलोमीटर. चाललेल्या रक्तस्रावात एवढे अंतर फार मोठे असते.

या साखळीत बाईच्या नवऱ्याच्या खिशातला पैसा किती कामी येतो? गाडी भाड्याने करण्यापुरता येतो. थंड राहिलेले औषध, रात्री दोन वाजता जागा असलेला भूलतज्ज्ञ, गट जुळवून ठेवलेली रक्ताची पिशवी या वस्तू त्या घटकेला कुठल्याही किमतीला विकत मिळत नाहीत. त्या आधीपासून, सर्वांसाठी मिळून, कुणीतरी उभ्या करून ठेवलेल्या असाव्या लागतात. महाराष्ट्राचा जास्तीचा पैसा इथे कामी आला, कारण त्यातला काही भाग दशकानुदशके प्राथमिक आरोग्य केंद्रांत, उपजिल्हा रुग्णालयांत, वैद्यकीय महाविद्यालयांत गेला. श्रीमंती व्यवस्थेत उतरली आणि मग ती जीव वाचवू लागली. मात्र हे आपोआप घडत नाही. व्यवस्थेत न उतरलेली श्रीमंतीही असते, आणि तिचा पुरावा मुलांच्या उंचीत आहे.

मूल खुजे का राहते, याचे उत्तर बहुतेकांना ठाऊक असते: पोटभर मिळत नाही म्हणून. पण त्याच पाहणीचे देशभराचे आकडे कुटुंबांच्या संपत्तीप्रमाणे पाच थरांत मांडले, तर सर्वांत गरीब थरात ४६ टक्के मुले खुजी निघतात आणि सर्वांत श्रीमंत थरातही २३ टक्के. ज्या घरी मोटारसायकल, फ्रिज, पक्के घर आहे तिथेही जवळपास चारांतले एक मूल वाढीत मागे आहे. या घरांत धान्य कमी पडत असेल असे कुणी म्हणणार नाही. मुलाच्या उंचीचा मोठा भाग त्याच्या पहिल्या हजार दिवसांत ठरतो, गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंत, आणि त्यातले पहिले नऊ महिने आईच्या शरीरातच जातात. लोकसंख्याशास्त्रज्ञ डायन कॉफी यांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की गर्भधारणेच्या सुरुवातीला भारतातल्या सुमारे ४२ टक्के बायकांचे वजन गरजेपेक्षा कमी असते. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत हे प्रमाण १६-१७ टक्के आहे, आणि ते देश सरासरीने आपल्याहून गरीब आहेत. आपल्या घरात मोठ्या माणसांमध्ये नवी सून वयाने सर्वांत लहान असते, तिचे ताट सर्वांत शेवटी वाढले जाते, आणि नेमक्या त्याच वर्षी तिला दिवस जातात. घराचे उत्पन्न दुप्पट झाले तरी ताटांचा हा क्रम बदलत नाही. २० ते २४ वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात २१.९ टक्के आणि मध्य प्रदेशात २३.१ टक्के आहेत. इथेही दोन्ही राज्ये जवळपास एकाच पायरीवर उभी आहेत, आणि मुलांची उंची सारखी का, याचा एक धागा इथे हाती लागतो.

दुसरा धागा कामाचा आहे, आणि तो बोरगावात फार स्पष्ट दिसतो. बोरगावचे औद्योगिक क्षेत्र या पट्ट्यातले मोठे. रेमंडचा कापड कारखाना तिथे १९९१ पासून आहे, इतरही कारखाने आहेत. तिथे तयार होणारी संपत्ती राज्याच्या उत्पन्नात मोजली जाते आणि सरासरी वर नेते. ती आसपासच्या माणसांच्या शरीरात उतरायला वाटा ठरलेल्या आहेत. एक वाट पगाराची. दुसरी कर्मचारी राज्य विमा योजनेची: १९४८ च्या कायद्याने आलेली ही योजना दरमहा २१ हजारांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला लागू होते, मालक वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो, आणि त्यातून कुटुंबाला औषधपाणी मिळते. कायम नोंदीवरच्या बाईला बाळंतपणासाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. आता याच गावच्या शिवारात कापूस वेचणारी किंवा संत्र्याच्या तोडीला जाणारी बाई घ्या. तिच्यासाठी ही कुठलीच वाट नाही. तिला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी ५ हजार रुपये मिळतात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात किमान ६ हजारांचे वचन असताना ही रक्कम कमीच ठेवली गेली. त्या पैशात सातव्या-आठव्या महिन्यात मजुरी सोडून घरी बसणे परवडत नाही. ती वाकून कापूस वेचत राहते, आणि पोटातल्या बाळाचे वजन हवे तसे वाढत नाही. दोघी एकाच गावात राहतात, दरडोई उत्पन्नाच्या आकड्यात दोघींची मोजणी एकत्र होते. आरोग्याच्या हिशेबात मात्र त्या दोन वेगळ्या देशांत राहतात. मध्य प्रांतात गिरणी-कारखान्यातल्या बाईला प्रसूतिलाभ देणारा कायदा १९३० मध्येच झाला होता, मुंबई इलाख्यात त्याच्या आदल्या वर्षी. नव्वदहून अधिक वर्षे झाली. शेतमजूर बाईपर्यंत तो हक्क अजून आलेला नाही.

संपत्तीचा मुळी आरोग्याशी संबंधच नाही, असे मला म्हणायचे नाही. संबंध किती घट्ट असू शकतो याचा एक भयंकर पुरावा मुंबईतच आहे. १९२१ च्या मुंबईत बालमृत्यूची नोंद घराच्या आकाराप्रमाणे झाली होती. चार किंवा जास्त खोल्यांत राहणाऱ्यांकडे नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सुमारे १३३ बाळे दगावली. एका खोलीत किंवा त्याहून कमी जागेत राहणाऱ्यांकडे ८२८. दुसरा आकडा थोडा फुगलेला आहे, कारण गिरणी कामगारांच्या पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जात, जन्म तिकडे आणि मृत्यू मुंबईत नोंदला जाई. पण निम्मा धरला तरी तो तिपटीच्या वर राहतो. मुंबई तेव्हा हिंदुस्थानातल्या सर्वांत श्रीमंत शहरांपैकी एक होती. शहराच्या श्रीमंतीने चाळीतल्या बाळाला वाचवले नाही, कारण ती श्रीमंती चाळीतल्या एका खोलीत शिरली नव्हती.

अमेरिकी लोकसंख्याशास्त्रज्ञ सॅम्युअल प्रेस्टन यांनी १९७५ मध्ये हाच प्रश्न सगळ्या जगाच्या पातळीवर मांडला. त्यांनी देशांचे दरडोई उत्पन्न आणि आयुर्मान एका आलेखावर ठेवले. गरीब देशांत थोडे उत्पन्न वाढले की आयुर्मान झपाट्याने वाढते, श्रीमंत देशांत रेषा जवळपास सपाट होते, हे त्यात दिसलेच. पण त्यांचा खरा शोध वेगळा होता: वेगवेगळ्या दशकांचे आलेख काढले तर सगळी वक्ररेषाच वर सरकलेली दिसते. म्हणजे १९३० च्या दशकात जेवढ्या उत्पन्नावर जेवढे आयुष्य मिळे, तेवढ्याच उत्पन्नावर १९६० च्या दशकात कितीतरी जास्त मिळू लागले. त्यांच्या हिशेबाने या काळात वाढलेल्या आयुर्मानापैकी ७५ ते ९० टक्के वाटा उत्पन्नवाढीचा नव्हता. तो लसी, डासनिर्मूलन, स्वच्छ पाणी, प्रतिजैविके आणि आरोग्याचे ज्ञान यांचा होता. मीठ-साखर-पाण्याचे उदाहरण घ्या. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ आली, शिरेतून द्यायचे सलाइन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी पिंपात कालवलेले क्षारद्रावण पाजायला लावले आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणले. त्या छावणीइतकी गरीब वस्ती शोधून सापडली नसती.

केरळचा दाखला या चर्चेत नेहमी दिला जातो आणि तो द्यायलाच हवा. १९७१ मध्ये केरळचे दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीहून कमी होते, आणि बालमृत्यूदर मात्र ५८, देशाच्या १२९ च्या निम्म्याहून कमी. मुली शाळेत गेलेल्या होत्या, दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर होता, आणि तो बंद असला तर लोक भांडत. यावर आक्षेप येतो की केरळ वेगळे आहे; तिथले संस्थानिक, मिशनरी, सामाजिक चळवळी यांचा शंभर वर्षांचा इतिहास उचलून सौसरला आणता येणार नाही. आक्षेप रास्त आहे. म्हणून केरळ बाजूला ठेवू आणि विदर्भातच राहू.

गडचिरोली हा महाराष्ट्रातला अत्यंत गरीब जिल्हा. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळंतपणाला हजर राहायचे, बाळ रडले नाही तर श्वास द्यायचा, वजन घ्यायचे, ताप मोजायचा, अंगावर दूध सुरू करून द्यायचे, कमी वजनाच्या बाळाला ऊबदार पिशवीत ठेवायचे, महिनाभर घरी जाऊन पाहायचे, आणि जंतुसंसर्गाची ठरलेली लक्षणे दिसली तर प्रतिजैविक द्यायचे, इंजेक्शनसुद्धा. ज्यांना साठपर्यंत मोजणे जड जाई त्यांच्यासाठी बंगांनी श्वास मोजण्याचे एक साधन केले: लाकडी चौकटीत मण्यांची ओळ आणि शेजारी एक मिनिटाची वाळूची घडी. बाळाने दहा श्वास घेतले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा आणि औषध सुरू करायचे. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. तिसऱ्या वर्षी या गावांत पहिल्या महिन्यातले बालमृत्यू तुलनेच्या ४७ गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी होते, आणि एका बाळामागे खर्च सव्वापाच डॉलरच्या आसपास. त्या तीन वर्षांत मजुरी दुप्पट झाली नव्हती, कुठला कारखाना आला नव्हता. संस्थेचा प्रयोग सरकारला जमेल का, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला; २०११ पासून नवजात बाळाला घरी जाऊन पाहण्याचे काम देशभरच्या ‘आशा’ या गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांना दिले गेले आहे. आशेला तिच्या कामाचा मोबदला वेळेवर आणि पुरेसा मिळाला, तिच्या पिशवीत औषध असले, तिने पाठवलेले बाळ पुढे कुणी घेतले, तर ते चालते. नसले तर नुसता फॉर्म भरला जातो.

याला सर्वांत दमदार आक्षेप अर्थशास्त्राकडून येतो, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. लँट प्रिचेट आणि लॉरेन्स समर्स यांनी १९९६ मध्ये अनेक देशांचे आकडे तपासून दाखवले की उत्पन्न वाढले की बालमृत्यू घटतात आणि हा संबंध योगायोगाचा नाही. आशा, दवाखाना, लस या सगळ्याला पैसा लागतो; तो विकासातूनच येतो; मग विकासाला प्राधान्य देण्यात चूक काय? चूक काहीच नाही. गरीब राहून निरोगी व्हा, असा उपदेश कुणी कुणाला करू नये. मध्य प्रदेशाचे उत्पन्न वाढले पाहिजे, बोरगावात आणखी कारखाने आले पाहिजेत. मला हरकत आहे ती ‘आधी’ आणि ‘मागून’ या क्रमाला. अमेरिकेचे दरडोई उत्पन्न कोस्टारिकाच्या कितीतरी पट आहे, आरोग्यावर ती राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १७ टक्के खर्च करते, आणि तरी तिथले सरासरी आयुर्मान कोस्टारिकापेक्षा कमी आहे. मागून येईल म्हणून सोडून दिलेले आरोग्य तिथे अजून आलेले नाही. भारताचेही तसेच. २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात उत्पन्न वाढले आणि बायकांमधला रक्तक्षय ५३ टक्क्यांवरून ५७ टक्क्यांवर गेला. उत्पन्नवाढ एका प्रकारचे आजार कमी करते आणि दुसरे घेऊन येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ च्या अंदाजाप्रमाणे देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत. आणि परिषदेच्या याच मधुमेह-पाहणीच्या आधीच्या टप्प्यात असे दिसले होते की श्रीमंत राज्यांच्या शहरांत मधुमेह आता गरिबांमध्ये जास्त आहे. स्वस्त तेल, मैदा, साखर त्यांच्यापर्यंत पोहोचली, तपासणी पोहोचली नाही.

शिवाय कारण आणि परिणाम उलट दिशेनेही चालतात. आजारपण माणसाला गरीब करते. २०१३-१४ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ६४ टक्के लोकांच्या खिशातून जात होता, २०२१-२२ मध्ये तो ३९ टक्क्यांवर आला. सुधारणा मोठी आहे. तरी अजून दर शंभरातले ३९ रुपये आजाऱ्याच्या घरच्यांनाच मोजावे लागतात, आणि ते दर वेळी बचतीतून भागत नाहीत. संत्र्याचा बगीचा बहारावर असताना व्यापाऱ्याकडून उचल घेतली जाते, सोने गहाण पडते, एखादा एकर जातो. सरकार स्वतः आरोग्यावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ टक्क्यांपेक्षा कमी खर्च करते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्के गाठण्याचे ठरवले होते. लोकांना आरोग्याच्या खर्चातून वाचवणे हा विकासाचाच एक भाग आहे, विकास झाल्यावर वाटायचा प्रसाद नाही.

आणि ज्याच्या हाती पैसा आहे तोही एकटा सुरक्षित नाही, हे याच मुलखाने नुकतेच भोगले. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागात सर्दी-खोकल्याची साधी दुखणी असलेली मुले लघवी बंद होऊन नागपूरच्या रुग्णालयांत येऊ लागली. त्यांना दिलेल्या खोकल्याच्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघाले, ०.१ टक्क्यापर्यंतच चालणारे हे द्रव्य ४८.६ टक्के होते. छिंदवाडा, बैतूल आणि पांढुर्णा या जिल्ह्यांतली वीसहून अधिक मुले मूत्रपिंडे निकामी होऊन गेली. आईबापांनी औषध विकत आणले होते, पैसे मोजले होते, सांगितल्याप्रमाणे चमच्याने पाजले होते. बाटलीतले औषध शुद्ध आहे की नाही हे तपासणे कुठल्याही बापाच्या हातात नसते, तो मजूर असो की बागायतदार. ते काम औषध निरीक्षकाचे, प्रयोगशाळेचे, दर खेपेचा नमुना तपासणाऱ्या व्यवस्थेचे. ती व्यवस्था ढिली पडली की पैसा विष विकत घेतो.

पांढुर्णा जिल्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला; सौसर आणि बोरगाव आता त्यात आहेत. नव्या जिल्ह्याबरोबर जिल्ह्याची कार्यालये येतात, इमारती येतात, उद्घाटने होतात. त्यात पहिली मागणी रक्तसाठ्याची आणि चोवीस तास भूलतज्ज्ञाची असावी, आणि ती फक्त डॉक्टरांनी करायची नाही. गावात बाळंतपणात बाई गेली तर तिच्या मृत्यूची चौकशी होणे नियमाने बंधनकारक आहे: ती किती वाजता निघाली, गाडी किती वाजता आली, कुठे थांबवले, कशासाठी पुढे पाठवले. त्या चौकशीत काय निघाले आणि त्यावर काय केले, हे पुढच्या ग्रामसभेत विचारा. सरपंचाला विचारा, आमदाराला विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत दर ग्रामसभेत विचारत राहा.